चौरस फुटाचा भाव

पाळधी ते फागणे

जळगाव सोडून धुळ्याच्या वाटेला लागले की पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे अशी गावे एकामागून एक येतात. सुरतेहून नागपूरमार्गे कोलकात्याला जाणारा हा जुना सहा नंबरचा हायवे, आताचा 53. त्याच्या दोन्ही अंगांना घरे आहेत, गोदामे आहेत, जिनिंगच्या आवारभिंती आणि मोडकळीला आलेल्या खोल्या आहेत. त्यांची रस्त्याकडे तोंड केलेली बाजू सहसा कोरी सापडत नाही. कपाशीचे बियाणे, सिमेंट, पाण्याची मोटार, ठिबकच्या नळ्या, पोलीस भरतीची अकॅडमी, मूळव्याधीवरचा इलाज. खरीप जवळ आला की बियाण्यांच्या कंपन्या बाकीच्यांना मागे सारतात. यातली कितीतरी अक्षरे अजून हाताने काढलेली असतात आणि थांबून पाहिले तर त्यांत बराच विचार दिसतो. ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला दोन-तीन सेकंदांत वाचता यावे म्हणून शब्द तीन-चारच, शिरोरेषा जाड, वेलांट्या आणि उकार आखूड. मध्ये खिडकी आली तर अक्षर तिला जागा करून देते. भिंतीला गिलावा नसेल, विटांचे सांधे उघडे असतील, तर अक्षराला बारीक सावली देण्याच्या फंदात न पडता सपाट दोन रंगांत काम उरकलेले असते. पिवळ्यावर काळे किंवा निळ्यावर पांढरे, कारण हायवेच्या धुरळ्यातून लांबून वाचता येते ते एवढेच.

या अंकाच्या संपादकांनी ‘रस्त्यावरची कला’ हा विषय ठरवला. तो ऐकताच डोळ्यांपुढे मुंबईच्या वांद्र्यातली किंवा दिल्लीच्या लोधी कॉलनीतली मोठाली भित्तिचित्रे येतात, पाळधीची बियाण्याची जाहिरात येत नाही. मग खानदेशात ही कला नाहीच असे म्हणून विषय मिटवणे सोपे. पण भर उन्हात परांचीवर उभे राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, माणसापेक्षा मोठ्या मापात काम करणारा हात हे या कलेचे भांडवल असेल, तर ते जळगाव-धुळ्यात कित्येक पिढ्या आहे. शिकवणाऱ्या संस्थाही आहेत. रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे सप्तपुट ललित कला भवन आणि चोपड्याचे भगिनी मंडळाचे ललित कला केंद्र यांनी खेड्यापाड्यांतली मुले चित्रकलेकडे वळवली. भिंतींना तर तोटाच नाही. नाही ती भिंतीचे काम चित्रकाराला चित्रकार म्हणून देण्याची रीत. इथे भिंत चौरस फुटाच्या भावाने दिली जाते, आणि भाव चौरस फुटाचा असला की चित्रही त्याच मापाचे मिळते. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. पुढे आहे ती त्याची तपासणी.

चुन्याच्या बादलीपासून फाळक्यांपर्यंत

मुंबईच्या भिंतींशी ज्यांचे नाव घट्ट जोडले गेले त्यांत रणजित दहिया अग्रभागी आहेत. हरियाणातल्या खेड्यातला हा मुलगा शाळेच्या भिंतींना चुना मारण्याच्या मजुरीवर लागला, तिथेच चित्र काढायची संधी मिळाली, मग पाट्या रंगवू लागला. पुढे चंदीगडचे कला महाविद्यालय, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि अखेरीस मुंबई. 2012 साली त्यांनी ‘बॉलीवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला आणि हिंदी सिनेमाचे चेहरे वांद्र्याच्या गल्ल्यांतल्या भिंतींवर आणले. चॅपेल रोडवर अनारकली आली. 2014 साली वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके आले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस ज्या उद्योगाचा जनक, त्या उद्योगाच्या शहरात तोवर त्यांचा एवढा मोठा चेहरा कुठे दिसत नव्हता. 2020 मध्ये इरफान खान गेल्यावर वरोडा रोडच्या भिंतीवर त्यांनी इरफानला रंगवले. दहियांची रेघ आणि रंग पाहिले की त्यांची शाळा कुठली ते कळते. ती हाताने रंगवलेल्या सिनेमा-बॅनरची शाळा आहे. चेहऱ्याची छाया-प्रकाशात मोडणी, मोजके भडक रंग आणि लांबून ओळख पटेल असे रेखाटन.

ही गोष्ट गुणी मुलाच्या यशाची म्हणून सांगितली जाते आणि तशी ती आहेच. पण फाळक्यांच्या चित्रापुरते पाहू. त्या भिंतीमागे कोण कोण होते? 2014 साली सुरू झालेली ‘स्टार्ट इंडिया’ ही संस्था होती, जिने इमारतीच्या मालकाशी, म्हणजे एका सरकारी कंपनीशी, बोलून भिंत मिळवली. रंगाचा खर्च उचलणारी बडी कंपनी अशा उपक्रमांच्या पाठीशी उभी राहू लागली होती. उंचावर चढण्याची, सुरक्षिततेची सोय चित्रकाराच्या खिशातून होणार नव्हती. आणि काय काढायचे, कसे काढायचे हे ज्याने काढले त्याच्या हाती होते. याआधी 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेच्या संमतीने सेनापती बापट मार्गालगतची रेल्वेची लांबच लांब भिंत शेकडो हौशी आणि व्यावसायिक लोकांनी रंगवली होती. म्हणजे ही भिंत मला द्याल का, असे विचारण्याची आणि त्याला होकार मिळण्याची सवय शहराला लागली होती. चुना मारणारा मुलगा चित्रकार व्हायला हात लागतो हे खरे, पण ‘होय’ म्हणणारे कार्यालयही लागते.

‘स्टार्ट इंडिया’च्याच संस्थापकांपैकी हनीफ कुरेशी यांचे उदाहरण खानदेशाला अधिक जवळचे आहे. गुजरातमध्ये वाढलेल्या कुरेशींना ओढ होती ती पाट्या रंगवणाऱ्यांच्या अक्षरांची. फ्लेक्सने हे लोक रोजगारातून उठवले तेव्हा त्यांनी देशभरच्या पेंटरांकडून त्यांची अक्षरे लिहून घेतली, त्यांचे संगणकावरचे फॉन्ट केले आणि प्रत्येक फॉन्टला त्या पेंटरचे नाव दिले. सप्टेंबर 2024 मध्ये ते गेले. त्यांनी केलेल्या कामाचा गाभा जतन हा नव्हता. तो श्रेय देण्याचा होता. ज्याचे अक्षर, त्याचे नाव. धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या नव्या पेठेत एके काळी कुठली पाटी कोणाच्या हातची हे जाणकार दुकानदार अक्षराच्या गाठीवरून सांगत. त्या ओळखीला कागदावर कधी किंमत आली नाही, एवढाच फरक.

मोजमाप पुस्तिकेत चित्र कसे बसते

आता तोच दहिया जळगावात किंवा धुळ्यात असता तर काय झाले असते, ते पाहू. या दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका 2003 साली झाल्या. 2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे 4 लाख 60 हजार आणि धुळ्याची पावणेचार लाख होती. अशा शहरांत सार्वजनिक भिंतीवर चित्र येण्याचा राजमार्ग गेल्या काही वर्षांत एकच राहिला आहे: स्वच्छ सर्वेक्षण. 2016 साली हे सर्वेक्षण 73 शहरांत झाले, 2017 साली 434 आणि 2018 साली 4203. शहराचे रूप हा गुणांचा भाग झाल्यावर देशभरच्या पालिकांच्या लक्षात आले की रंगवलेली भिंत फोटोत लगेच दिसते. कचऱ्याचे वर्गीकरण दिसायला वेळ लागतो. त्यामुळे भिंत रंगवण्याचे काम बहुतेक ठिकाणी स्वच्छतेच्या खात्यात गेले आणि चित्रांचा विषयही तिथेच ठरला. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्यात, हात धुणारा मुलगा, झाडू घेतलेली ताई, गांधीजींचा चष्मा.

काम निघते ते इतर कुठल्याही कामासारखे. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, अनामत रक्कम, कार्यादेश. अनामत भरण्याची आणि बिल निघेपर्यंत थांबण्याची ऐपत पेंटरकडे नसते, म्हणून काम ठेकेदार घेतो आणि पेंटरला पुढे वाटून देतो. मधली दलाली कापून उरलेल्या दरात तो रंग आणतो, मदतनीस आणतो. काम संपले की अभियंता फीत लावतो, लांबी गुणिले उंची मोजमाप पुस्तिकेत चढते आणि त्यावर देयक तयार होते. यात कोणी लबाडी केली पाहिजे असेही नाही. सगळे नियमानुसार झाले तरी निकाल ठरलेलाच. शंभर चौरस फूट निळे आकाश आणि शंभर चौरस फूट बहिणाबाईंचा चेहरा, बिलात दोन्ही सारखेच. पेंटर मूर्ख नसतो. तो आकाश वाढवतो, खाली रुंद हिरवा पट्टा देतो, बाजूने नक्षीची चौकट घालतो, एकदा कापलेला साचा दहा भिंतींवर चालवतो आणि चेहरा कोपऱ्यात लहान ठेवतो. मग बघणारे म्हणतात, आपल्याकडच्या पेंटरांना कलात्मक दृष्टी नाही. दृष्टी आहे, फक्त ती दरपत्रक वाचते.

अक्षराच्या बाबतीत सरकारी हिशेब उलट बारकाईचा आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत पाटी लिहिण्याचे मोजमाप दर अक्षरामागे, सेंटिमीटर उंचीवर असते. म्हणजे क्षेत्रफळ सोडून दुसऱ्या मापाने मोजायला शासनाला येते. चित्राच्या वेळी मात्र भिंत म्हणजे रंगकाम, असे धरले जाते.

यावर प्रशासनातला कुठलाही सरळ माणूस एक आक्षेप घेईल आणि तो हलका नाही. चौरस फूट मोजता येतो, सौंदर्य मोजता येत नाही. चित्राला वेगळा भाव द्यायचा म्हटले तर तो कोण ठरवणार? लेखापरीक्षणात काय दाखवणार? आज ठेकेदार निविदेने तरी येतो, उद्या कलाकार ओळखीने येईल. पण हाच प्रश्न पुतळ्याच्या वेळी का पडत नाही? चौकात पुतळा बसवायचा तर आपल्याकडे रीतसर पद्धत आहे. शिल्पकार आधी मातीचे प्रतिरूप करतो, ते कला संचालनालयाच्या पसंतीला उतरावे लागते, चेहऱ्यात साम्य नसेल तर दुरुस्त्या सांगितल्या जातात, मग ओतकाम. कोणी पुतळा घनफुटाने विकत घेत नाही. आणि या बाबतीत खानदेशाला दुसऱ्या कोणाकडून शिकायचेही कारण नाही. धुळ्याजवळच्या गोंदूर गावात 1925 साली जन्मलेल्या राम सुतारांनी धुळ्याच्या श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंच्या सांगण्यावरून जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट धरली आणि पुढे केवडियाच्या 182 मीटर उंच सरदार पटेलांपर्यंत मजल मारली. देशभरच्या चौकांत त्यांचे पुतळे उभे आहेत आणि ते कोणी केले हे लोकांना माहीत आहे. चबुतऱ्यावर जे उभे राहते ते शिल्प, आणि त्याच चौकाच्या मागच्या भिंतीवर जे येते ते रंगकाम, ही वाटणी कलेने केलेली नाही. ती फायलीने केली आहे, आणि फाईल बदलता येते. पुतळ्यासाठी मातीचे प्रतिरूप तसे भिंतीसाठी छोट्या कागदावरचे रंगीत रेखाटन मागवावे, ते तपासायला कला महाविद्यालयातले शिक्षक आणि त्या गल्लीतले दोन रहिवासी बसावेत, आणि मोबदला रेखाटन, भिंतीची तयारी व प्रत्यक्ष चित्र असा तीन टप्प्यांत द्यावा. यात लेखापरीक्षकाला न समजणारे काही नाही.

चंद्रपूर आणि बल्लारशा या रेल्वे स्थानकांचे उदाहरण इथे कामाचे आहे. 2018 साली रेल्वेने स्थानक सुशोभनाची देशव्यापी स्पर्धा घेतली तेव्हा या दोन स्थानकांना मिळून 10 लाखांचे पहिले बक्षीस मिळाले. भिंतींवर ताडोबाचे जंगल होते, वाघ होते. मधुबनीसारखे चित्रकलेसाठी जगभर गाजलेले गाव त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर राहिले. विदर्भाच्या टोकाच्या दोन स्थानकांनी बाजी मारली, कारण त्यांनी आपल्या शिवारात जे आहे ते काढले.

पद्मपाणीचा चेहरा आणि अजिंठ्याचे लिंपण

जळगावला तसे काय आहे? पहिले उत्तर ठरलेले: अजिंठा. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पण जळगाव स्थानकापासून साठ किलोमीटरवर. त्यामुळे जळगावात भिंत मिळाली की पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व चित्रकाराच्या आधी पोचलेला असतो. दुसऱ्या क्रमांकावर जात्यावर बसलेल्या बहिणाबाई, तिसऱ्यावर केळीचा घड. यात वाईट काही नाही, पण पद्मपाणीचा चेहरा उतरवताना अजिंठ्याची खरी विद्या बाजूला राहते. ती विद्या चेहऱ्याच्या आधीची आहे. अजिंठ्याच्या कारागिरांनी कातळावर आधी माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून लिंपण चढवले, त्यावर चुन्याचा पातळ थर दिला, तो सुकल्यावर रंग लावले. रंगही बहुतेक मातीचे आणि दगडाचे: गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती. दूरवरून आलेला निळा तेवढा लाजवर्द. दीड हजार वर्षांनी त्यातले जे उरले आहे ते हातांच्या कौशल्याइतकेच त्या लिंपणामुळे उरले आहे.

पालिकेच्या भिंतीचे काय होते? तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया उथळ असलेली आवारभिंत तिच्याबरोबर हलते आणि तिला तिरप्या चिरा पडतात. खालून ओल चढते, मिठाचे पांढरे फुलोरे येतात. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो तेव्हा दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतींवरचे स्वस्त लाल-गुलाबी रंग आधी उडतात, गेरूच्या जातीचे आणि काळे मागे राहतात. हे सगळे कुठल्याही जाणत्या पेंटरला पाठ असते. उत्तरेची भिंत निवडा, खालचा दोन-अडीच फुटांचा पट्टा चित्राबाहेर ठेवा, जुना चुना खरवडून प्रायमर द्या, बाहेरच्या कामाचे अॅक्रिलिक इमल्शन वापरा, हे तो न विचारताही सांगेल. पण दर चौरस फुटाचा आणि मुदत सर्वेक्षणाचे पथक येण्याआधीची. खरवडण्याचे पैसे कुठल्या रकान्यात घालायचे? मग जुन्या चुन्यावरच रंग बसतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर चुन्यासकट पापुद्रा सुटतो. ‘आपल्याकडच्या हवेत भित्तिचित्र टिकत नाही’ हा आक्षेप मांडणाऱ्यांनी हवेपेक्षा अंदाजपत्रकाकडे बघावे.

अजिंठ्यावरून आणखी एक मुद्दा काढला जातो. त्या थोर चित्रकारांची नावे तरी कुठे माहीत आहेत? आपली परंपराच अनामिकतेची, मग आजच्या पेंटरला सहीचा सोस कशाला? परंपरा अनामिक होती, पण सगळ्यांसाठी नव्हे. सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव व्यवस्थित कोरलेले आहे. दान देणाऱ्याचे नाव तेव्हाही होते. आजही भिंतीच्या कडेला ‘सौजन्य’ म्हणून नगरसेवकाचे नाव ठळक अक्षरांत येतेच, कधी फोटोसकट. अनामिकता फक्त ब्रश धरणाऱ्याच्या वाट्याला येते. एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात आयुष्याची वर्षे घालवणारा रॉबर्ट गिल 1879 साली वारला, त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्या बहुतेक प्रतिकृती 1866 च्या लंडनमधल्या आगीत जळाल्या, तरी प्रतिकृती करणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले.

विषयाच्या आळसाचा दुसरा नमुना म्हणजे वारली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात उड्डाणपुलाचा खांब किंवा शाळेची भिंत पाहावी, गेरूवर पांढरी त्रिकोणी माणसे फेर धरून नाचताना दिसतात. वारली ही पालघरकडची कला, तिला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री. धुळ्याच्या भिंतीवर ती येते कारण तिचा साचा सोपा आणि ‘आदिवासी’ म्हटले की तीच आठवते. धुळे-जळगावच्या उत्तरेला सातपुड्यात भिल्ल, पावरा राहतात, त्यांच्या हाताकडे कोणी बघत नाही. पलीकडच्या झाबुआ भागातल्या भुरीबाई भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना गावाकडे भिंतीवर काय काढता ते कागदावर काढायला सांगितले आणि त्याचे पैसे दिले. 2021 मध्ये भुरीबाईंना पद्मश्री मिळाली. पाटी वाहणाऱ्या बाईला तुला काय काढावेसे वाटते असे विचारणारा अधिकारी भोपाळला होता, इथे तो अजून यायचा आहे.

रात्री येऊन रंगवून जाणारे

सर्वांत कडवा आक्षेप कलेच्या बाजूचा आहे. परवानगी घेऊन, समितीपुढे रेखाटन मांडून केलेली ती रस्त्यावरची कला कशी? ती तर रात्री येऊन, पोलिसांना चुकवून, व्यवस्थेला चिमटा काढून जाते. मुंबईत ‘टायलर’ या नावाने काम करणारा असाच अनाम आहे, दिल्लीत देवनागरीत ‘डाकू’ असे स्वतःचे नाव लिहीत फिरणाऱ्याने सुरुवात अशीच केली. कार्यादेश घेतलेला कलाकार हे करू शकणार नाही, हे मान्य करायलाच हवे.

पण बंडाची ही तऱ्हा मोठ्या शहराच्या गर्दीवर उभी आहे. जळगावात चार पाट्या रंगवलेल्या माणसाचा हात पाचव्या पाटीवर ओळखला जातो. सकाळी भिंत दिसली की दुपारपर्यंत नाव निघते. शिवाय भिंत इथे कोरी नसते. तिच्यामागे गल्ली असते, गल्लीचा रंग असतो, जयंत्यांचे वेळापत्रक असते. निळा, भगवा, हिरवा यांतला कुठला कुठे लावला यावर वाद पेटतो. धुळ्यात जानेवारी 2013 मध्ये दंगल आणि पोलीस गोळीबारात सहा माणसे गेली. त्या शहरात अनोळखी हाताने रात्रीत उमटवलेले चित्र कोणी कलेचे बंड म्हणून वाचणार नाही. कायदाही आहेच. महाराष्ट्र मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध अधिनियम, 1995 नुसार असे काम केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवाल्या ‘दादां’ना हा कायदा फारसा आडवा येत नाही. फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये कडक निकाल देऊनही चौक मोकळे झाले नाहीत. ब्रश घेतलेला गरीब पोरगा मात्र पहिल्या रात्रीच सापडेल.

आणि सरकारी पैशाने कला मरतेच असेही नाही. मेक्सिकोत 1920 नंतर शिक्षणमंत्री होसे वास्कॉन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती रिवेरा, ओरोस्को, सिकेरोस यांच्या हवाली केल्या. त्या भिंतींवर जमीनदार आणि भांडवलदार यांच्यावर जे कोरडे ओढले गेले ते सरकारी पगारावरच. फिलाडेल्फियात 1984 साली भिंती विद्रूप करणाऱ्या पोरांना पकडण्यासाठी योजना आली, तिथे नेमलेल्या जेन गोल्डन या चित्रकर्तीने त्याच पोरांच्या हाती भित्तिचित्रे दिली आणि त्यातून शहराचा मोठा कला कार्यक्रम उभा राहिला. दोन्हीकडे पैसा सरकारचा, रेघ चित्रकाराची. आपल्याकडे अडचण पैसा सरकारचा असण्याची नाही, रेघही सरकारची असण्याची आहे. घोषणा वरून येते, ती पुस्तकी मराठीत किंवा सरळ हिंदीत. ज्या शहरात बाजारात अहिराणी चालते आणि बाजूच्या तालुक्यांत लेवागणबोली, तिथल्या भिंतीला यातले एक अक्षर येत नाही. पेंटरला ती बोली येते. त्याला विचारले असते तर कचऱ्यावरची ओळ लोक वाचून हसले तरी असते.

आधी गटारी

शेवटचा आक्षेप सामान्य करदात्याचा. रस्त्यांना खड्डे, पाणी काही दिवसांआड, गटारी तुंबलेल्या, जळगाव महापालिका तर वर्षानुवर्षे हुडकोच्या कर्जाखाली वाकलेली होती. आणि तुम्ही चित्रांचे काय घेऊन बसलात? प्रश्न नव्या खर्चाचा असता तर हा आक्षेप निरुत्तर करणारा होता. पण भिंतींवर पैसा आजही जातो, दर सर्वेक्षणाला जातो आणि दर पावसाळ्यात पापुद्र्यांबरोबर गळून पडतो. दहा हजार फूट साच्याने रंगवण्याऐवजी हजार फूट नीट करा, एवढेच मागणे आहे. उरलेल्या नऊ हजार फुटांना चुना पुरे. स्वच्छ पांढरी भिंत ही काही वाईट गोष्ट नाही. उलट ज्या गावात प्रत्येक खांबावर कोणाचा ना कोणाचा हसरा फोटो टांगलेला असतो, तिथे डोळ्याला थोडा विसावा हवाच.

चित्र नीट झाले की त्याच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न येतो, आणि इथे कायदा चित्रकाराच्या बाजूने बराच पुढे गेला आहे हे पालिकांना माहीत असावे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी 1957 ते 1962 या काळात काशाचे प्रचंड भित्तिशिल्प केले. 1979 साली नूतनीकरणात ते उखडून गोदामात टाकले गेले, तुकडे गहाळ झाले. सहगल कोर्टात गेले. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला: शिल्प सरकारने विकत घेतलेले असले तरी त्याची मोडतोड ही कलाकाराच्या नैतिक हक्काचा भंग आहे. पाच लाखांची भरपाई आणि उरलेले अवशेष त्यांना परत. स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम 57 मधला हा हक्क विज्ञान भवनापुरता नाही. पण तो वापरायचा तर चित्र अमक्याचे आहे हे कुठेतरी लिहिलेले हवे, आणि ज्या देयकावर ठेकेदाराचे नाव आहे त्यावर पेंटरचे नसते.

रस्त्यावरच्या चित्राने कायम राहावे असा हट्ट कोणी समंजस पेंटर धरणार नाही. भिंत रुंदीकरणात जाईल, पाइपलाइनसाठी फुटेल, दहा वर्षांनी रंग उडेल तेव्हा वरून दुसरे चित्र येईल आणि यायलाही हवे. कार्यादेशात मात्र तीन ओळी वाढवता येतील. चित्राखाली चित्रकाराचे नाव सौजन्याच्या नावापेक्षा लहान नसावे. पुढची पाच वर्षे डागडुजीचे काम पहिल्यांदा त्यालाच विचारावे आणि त्याचा दर आधीच ठरवावा. आणि पुसायची वेळ आली तर पंधरा दिवस आधी त्याला कळवून फोटो काढायला एक दिवस द्यावा.